हिरवं पाणी

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर एक उंबर होता. माझ्या तेराव्या वर्षापर्यंत होता. पुढं विहीर राहिली, उंबर गेला, आणि आमच्या घरातली दोन माणसं एकमेकांशी बोलायची थांबली. त्यात नेमकं काय घडलं होतं हे मला कळायला बत्तीस-तेहतीस वर्षं लागली. कळलं तेही गावात नाही, पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर, माशांच्या काचेच्या पेटीपुढं बसून.

गाव आमचं कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं. वस्ती मळ्यातच. विहीर आजोबांच्या वडिलांनी काढलेली, काळ्या दगडात बांधलेली, आणि १९७२च्या दुष्काळात आजोबांनी आणखी दोन परस खोलवलेली. मोट माझ्या आठवणीत नाही. पण बैलांची धाव होती, दगडी थारोळं होतं, आणि त्याच्या बाजूला डिझेल इंजिनाची खोली होती. विहिरीच्या दक्षिण कडेला उंबर उभा. बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा आणि अर्धा पसारा विहिरीवर वाकलेला. उंबरं पिकली की पाण्यात पडायची. डुबुक असा आवाज झाला की खालून मासे यायचे. आम्ही पोरं काठावर पालथी पडून ते बघत बसायचो. पाणी असं निवळ की खालच्या दगडाची कपार दिसावी.

आजी त्या झाडाला झाड म्हणायची नाही, ‘देव’ म्हणायची. गुरुवारी बुंध्याशी दिवा लावायची. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला वर्षातून एकदा चालत जायची, पण म्हणायची, “मला हितंच हाय की औदुंबर. पायाला उगं शीण.” प्यायचं पाणी ती त्याच विहिरीचं आणायची. गावात नळ आला तरी तिच्या घागरीत नळाचं पाणी गेलं नाही.

१९८३ साली वाटणी झाली. आण्णा, म्हणजे माझे वडील, थोरले. त्यांना वरच्या अंगाचं रान आलं. तात्या धाकटे. त्यांना खालच्या अंगाचं. विहीर सामाईक, तीन दिवस यांची पाळी, तीन दिवस त्यांची. उंबर तात्यांच्या वाटणीत गेला. वाटणीच्या दिवशी त्याचा कुणी विचारसुद्धा केला नाही. झाडाची वाटणी होते हे आम्हाला तीन वर्षांनी कळलं.

तोवर सगळा पट्टा उसाखाली आला होता. तात्यांचा ऊस उंबराच्या सावलीत पिवळा राहायचा. बांधापासून दहा गुंठे रान त्यांना नुसतं नावाला होतं. कांडी धरायची नाही, फुटवे यायचे नाहीत. १९८६च्या फाल्गुनात त्यांनी करवतवाले आणले. आण्णा धावत गेले. मी त्यांच्या मागं.

“उंबर तोडत न्हाईत,” आण्णा म्हणाले.

“सावलीत ऊस हुतो का? धा गुंठं रान नुसतं झाड सांभाळाय ठिवलंय मी.”

“आईचं तरी बघ.”

“मग झाड तुमच्या वाटणीत घ्या. रानाच्या बदली रान द्या.”

आण्णा गप्प झाले. दहा गुंठे देणं त्यांच्याच्यानं झालं नाही. हे मी तेव्हा पाहिलं होतं, पण लक्षात ठेवलं नाही. लक्षात राहिली ती करवत, आणि झाड पडल्यावर उघडं झालेलं आभाळ. घरात आल्यासारखा लख्ख उजेड विहिरीत पडला.

वैशाखात पाणी हिरवं झालं. आधी कडेच्या दगडांना मऊ बुळबुळीत लव आली. मग पाण्यात लांब लांब धागे दिसायला लागले. मग एक दिवस बादली ओढली तर पाणीच हिरवं, पालक उकडल्यासारखं. आजीनं ते लुगड्याच्या पदरातून गाळलं. गाळूनही हिरवंच. तिनं तांब्या खाली ठेवला आणि एवढंच म्हणाली, “पाणी उघडं पडलं रं.”

त्या दिवसापासून तिनं त्या विहिरीचं पाणी तोंडात घातलं नाही. शेजारच्या मळ्यातून आई घागर आणायची. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. वय झालंच होतं तिचं. पण गावानं आणि आण्णांनी ते उंबराच्या खात्यावर मांडलं. “माझ्या आईच्या तोंडचं पाणी काढून घेतलं त्यानं,” असं आण्णा चारचौघांत म्हणाले, आणि तात्यांशी बोलायचे थांबले. पाळीचे तीन दिवस तेवढे दोघांनी पाळले. इंजिनाची किल्ली खिळ्याला अडकवलेली असायची. एकानं ठेवायची, दुसऱ्यानं घ्यायची. हातात कुणी कुणाच्या दिली नाही.

मी आण्णांचा मुलगा. मला शंका यायचं कारण नव्हतं. झाड तोडलं, ऊन आलं, पाणी हिरवं झालं. डोळ्यांनी बघितलेलं. १९९९ साली माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेचा मजकूर मीच लिहून काढला. आजोबा-आजीच्या नावामागं ‘कै.’ लावलं, मामांची नावं घातली, आत्यांची घातली. चुलत्याच्या जागी थांबलो. आण्णांकडं बघितलं. ते काही बोलले नाहीत. मी सव्वीस वर्षांचा होतो, नोकरीला होतो, छापखान्याचे पैसे माझ्या खिशातले होते. मी तात्यांचं नाव घातलं नाही. तरी तात्या आले. मांडवाच्या मागच्या खांबाशी उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेले. हे मला दोन दिवसांनी आईनं सांगितलं.

आण्णा २००९ साली वारले. तेव्हाही तात्या आले आणि लांबच उभे राहिले.

ही झाली गावाकडची गोष्ट. आता पुण्याची सांगतो.

२०१८च्या जून महिन्यात माझ्या धाकट्या मुलीनं वाढदिवसाला मासे मागितले. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची पेटी आणली. पन्नासेक लिटर पाणी बसायचं तिच्यात. दुकानदार म्हणाला, प्लास्टिकची झाडं घालू नका, जिवंत लावा. मासे सुखी राहतात. त्यानं पिशवीतून दोन जुड्या काढल्या आणि नावं सांगितली, हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया. बघितलं तर दोन्ही आमच्या ओढ्यातल्या! म्हशी पाण्यातून बाहेर आल्या की शिंगाला अडकून यायचं ते हे. गावाकडं पाण्यात जे जे हिरवं दिसेल त्याला आम्ही ‘शेवाळ’च म्हणायचो. इथं ते पैसे देऊन घेतलं. मासे मात्र ओळखीचेच घेतले, गप्पी. मूळचा हा मासा दक्षिण अमेरिकेतला, पण डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवतापवाले आमच्याकडच्या हौदांत, डबक्यांत सोडायचे. आम्ही पोरं तो बाटलीत धरून आणायचो.

पेटी ठेवली दक्षिणेच्या खिडकीखालच्या कट्ट्यावर. मुद्दाम ठेवली. दुकानदारानं बजावलं होतं की उनात ठेवू नका, आणि जून महिन्यात त्या खिडकीत उनाचा कवडसासुद्धा येत नव्हता. पावसाळाभर पेटी छान राहिली. झाडं हळूहळू वाढली, गप्पींना पिल्लं झाली.

दिवाळीनंतर एक दिवस सकाळी दहा वाजता उनाचा एक पट्टा कट्ट्यावर आला. आठवड्यानं तो पेटीच्या काचेला टेकला. मुलीला गंमत वाटली, तिनं रोज खडूनं फरशीवर खूण करायला सुरुवात केली. पट्टा रोज थोडा थोडा खोलीत आत सरकत होता. मार्गशीर्षात तर दहापासून तीनपर्यंत पेटी उनातच.

शेतकऱ्याच्या पोरानं हे आधी ओळखायला हवं होतं. आपल्याकडं मे ते जुलै सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, जूनमध्ये तर थोडा उत्तरेलाच झुकलेला. दक्षिणेच्या खिडकीला त्याचं तोंडही दिसत नाही. दक्षिणायन होत जातं तसा तो खाली उतरतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात दुपारी बारालाही तो क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे अर्ध्या आभाळातच असतो. मग ऊन खिडकीतून आडवं आत शिरतं. विहिरीचं गणित याच्या उलट. विहिरीच्या पाण्यावर ऊन थेट पडतं ते वैशाखात, सूर्य डोक्यावर आल्यावर. थंडीत ते नुसतं भिंतीवर राहतं.

पहिले पंधरा दिवस तर मी खूश होतो. ऊन आलं की हायड्रिलाच्या पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे धरायचे आणि एकेक करून सुटायचे. मला आठवीतला प्रयोग आठवला. गुरुजींनी ओढ्यातून हेच शेवाळ आणायला लावलं होतं. चंचुपात्रात ते ठेवलं, त्यावर नरसाळं उलटं घातलं, नरसाळ्याच्या दांड्यावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी पालथी घातली आणि सगळं शाळेच्या पायरीवर उनात नेऊन ठेवलं. तासाभरानं नळीत वायू जमला. गुरुजींनी विझत आलेली काडी आत घातली, ती भक्कन पेटली. “हा प्राणवायू. उनाशिवाय पान तो सोडत नाही,” गुरुजी म्हणाले होते. मी मुलीला पेटीपुढं बसवून हे सगळं सांगितलं.

मग काचेवर हिरवी लव आली. पानांवर धागे आले. आणि एका सकाळी पाणी हिरवं झालं. पलीकडच्या बाजूचे मासे दिसेनात.

माझ्या पोटात खड्डा पडला. मुलगी म्हणाली, “बाबा, एवढं काय झालं? पाणी बदलू.” तिला काय सांगणार?

सगळं पाणी बदललं. पाच दिवसांत पुन्हा हिरवं. दुकानात जाऊन औषध आणलं, ते घातलं. हिरवेपणा मेला, पण तो कुजून तळाला बसला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकताना दिसले. कुजणाऱ्या घाणीनं पाण्यातला प्राणवायू खाल्ला होता. शिवाय रात्री झाडंही प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात. म्हणून अशा पाण्यात पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. सहा गप्पी मेले. मग मी चिडून पेटीभोवती काळं कापड गुंडाळलं. चार दिवसांनी काढलं तर पाणी निवळ! मला वाटलं जिंकलो. ऊन हाच चोर. जाड पडदा लावला. पण महिनाभरात झाडं पिवळी पडून विरघळायला लागली, आणि पडदा दोन दिवस उघडा राहिला की पाणी पुन्हा हिरवं.

आमच्याच इमारतीत एक गृहस्थ राहतात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहेत. ते एक दिवस चहाला आले, पेटी बघितली आणि विचारलं, “खायला किती घालता?”

“चिमूटभर. सकाळी,” मी म्हणालो.

“मी शाळेतून आल्यावर घालते,” मुलगी म्हणाली.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “मीपण घालते की दुपारी. तोंड वर करून बघतात बिचारे.”

तिघंही घालत होतो, तिघांना एकमेकांचं ठाऊक नव्हतं. वर माशांची संख्या पिल्लांमुळं तिप्पट झालेली. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ कागदी पट्ट्यांची एक डबी घेऊन आले. पाण्यात पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं आणि डबीवरच्या रंगांशी ताडायची. नळाच्या पाण्यात पट्टी जवळजवळ पांढरी राहिली. पेटीत बुडवली ती गडद गुलाबी झाली, कुंकू सांडल्यासारखी.

“हे नायट्रेट,” ते म्हणाले. “उरलेलं खाणं कुजतं, मासे विष्ठा टाकतात, त्याचा अमोनिया होतो. वाळूतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. झाडांचं खतच ते. तुमची झाडं त्यातलं खातात, पण तुम्ही त्यांच्या भुकेच्या चौपट वाढताय. मग जो उरलेलं खाईल तो येणार. हिरवं पाणी म्हणजे डोळ्यांना सुटं दिसत नाही इतकं बारीक शेवाळ. तुम्ही कापड झाकलंत तेव्हा खाणारा मेला. ताट भरलेलंच राहिलं.”

“म्हणजे उनाचा दोष नाही?”

“ऊन थोडं कमी करा. दिवसभराच्या उनानं एवढीशी पेटी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पण ऊन पाण्यात काही घालत नाही हो. घातलेलं असतं ते उगवून दाखवतं.”

त्यांच्या सांगण्यावरून पेटी दीड हात बाजूला सरकवली. आता सकाळी तासभर ऊन येतं तिच्यावर, मग ते पुढं निघून जातं. निम्मे मासे शेजाऱ्यांना दिले. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि घालणारी एकटी मुलगी. वर तरंगणारी बारीक पानांची वनस्पती सोडली, ती सावली करते आणि खतही ओढते. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून ते कुंड्यांना घालतो. दोन महिन्यांत पाणी निवळलं. व्हॅलिसनेरियाची रिबिनीसारखी पानं वरपर्यंत गेली.

पण मला झोप लागेना. ‘नायट्रेट’ हा शब्द डोक्यातून जाईना. शेतकऱ्याच्या घरात त्याला दुसरं नाव आहे. युरिया.

उंबर तोडायच्या आदल्या वर्षी आण्णांनी सोसायटीचं कर्ज काढून ऊस वाढवला होता. युरियाच्या गोण्या इंजिनाच्या खोलीत, विहिरीला लागून. मुठीनं नव्हे, घमेल्यानं फेकायचा आणि वरून पाट सोडायचा. ऊस काळा दिसला पाहिजे. पाणी हवं त्याच्या दुप्पट. उसाच्या मुळांना पुरून उरेल तो युरिया पाण्याबरोबर खाली जाणार. आणि आमचं रान वरच्या अंगाला, विहीर उताराला. रिकाम्या गोण्या आई थारोळ्यात धुवायची, पावसाळ्यात त्यांची खोळ होते म्हणून. थारोळ्याला चीर होती. ते पाणी झिरपून विहिरीतच जायचं. धुतलेल्या घमेल्याचं पाणी मी स्वतः काठावर ओतलेलं आहे. बाराव्या वर्षापासून रविवारी खत फेकायचं काम माझंच होतं. बोटांच्या बेचक्यांत आग व्हायची ती अजून आठवते.

ऊन तात्यांनी आणलं. त्या उनात जे उगवलं ते आम्ही घातलं होतं.

फेब्रुवारीत मी पट्ट्यांची डबी खिशात घालून गावी गेलो. आमच्या वाटणीचं रान आता खंडानं दुसरा करतो, त्यामुळं मळ्यात जायचं मला निमित्त नसतं. तात्या गोठ्यापुढं खाटेवर बसले होते. पंच्याहत्तरी उलटलेली. डोळ्यावर हात धरून म्हणाले, “कोण त्ये?”

“मी. थोरल्यांचा.”

थोडा वेळ गेला. “बस,” ते म्हणाले. मग आत हाक दिली, “आगं, च्या टाक. थोरल्याचं पोर आलंय.”

चहा झाल्यावर मी म्हणालो, “तात्या, विहिरीवर येता का जरा?”

काठी टेकत आले. विहीर तशीच. इंजिनाच्या जागी विजेची मोटर. पाण्याला अजून हिरवट झाक. आता ते कुणी पीत नाही. मी दोरीला तांब्या बांधून पाणी काढलं आणि पट्टी बुडवली. तात्या वाकून बघत होते. पांढऱ्या कागदावर आधी फिकी गुलाबी रेघ उमटली, मग ती भरत गेली. पेटीतल्या पट्टीएवढीच गडद झाली.

“ह्येचा अर्थ काय?”

“युरिया.”

“कुणाचा?”

“आता दोन्ही रानांचा. वरचाबी आणि खालचाबी.”

“आन् तवा?”

मी तांब्यातलं पाणी ओतून दिलं. “तवा तुमच्या रानात एवढं खत नव्हतंच तात्या. तवाचा आण्णांचा. आणि माझा. मीच फेकायचो.”

तात्या थारोळ्याच्या दगडावर बसले. बराच वेळ काठीच्या टोकानं माती उकरत राहिले.

“आण्णा वरच्या अंगाला,” ते म्हणाले. “पाणी वरनं खाली येतं, एवढं मलाबी कळत हुतं की.”

“मग बोलला का नाही तुम्ही कधी?”

“काय बोलू? झाड म्याच तोडलं हुतं. ते काय खोटं हुतं?”

मी काही बोललो नाही. त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, उजेडाकडं धरून बघितली.

“झाड असतं तर?”

“पाणी निवळ दिसलं असतं. आत हेच असतं.”

“म्हंजी आई निवळ बघून पीत ऱ्हायली असती.”

“व्हय.”

“पाणी उघडं पडलं म्हणाली हुती म्हातारी,” तात्या म्हणाले. त्यांना ते वाक्य ठाऊक होतं हे मला माहीत नव्हतं. आजी ते आमच्या पडवीत बोलली होती. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार, आणि त्यांनी ते इतकी वर्षं जपून ठेवलं असणार.

मला पत्रिकेचं बोलायचं होतं. वाटेत एसटीत चार वेळा जुळवलेलं वाक्य तोंडातून नीट येईना. “तात्या, माझ्या लग्नाच्या पत्रिकेत…”

“ते ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “पोरीच्या पत्रिकेत घाल. तवर असलो तर.”

चुलतभाऊ तोवर आला होता. आता त्याच्या रानात ठिबक आहे. त्याला मी पट्टी दाखवली. तो म्हणाला, खत एकदम न टाकता हप्त्याहप्त्यानं द्यायला तो दोन वर्षांपासून शिकलाय, पण सवयीनं हात सैल सुटतो. दोन-चार पट्ट्या ठेवून घेतल्या त्यानं. वरच्या रानाच्या खंडकऱ्यालाही सांगतो म्हणाला. आता ते सांगणं माझं काम आहे, मी म्हणालो. रान आमचं आहे.

निघताना तात्यांनी मला विहिरीच्या काठाशी थांबवलं आणि काठीनं आत दाखवलं. माघातलं ऊन उत्तरेच्या भिंतीवर अर्ध्यापर्यंत उतरलं होतं. तिथं दोन दगडांच्या फटीतून एक रोप बाहेर आलं होतं. हातभर उंच, सात-आठ पानं. उंबर. असा उंबर कुणी लावत नाही. पाखरू बी टाकतं आणि तो जागा बघून उगवतो.

“बांधकाम फोडंल की तो, तात्या,” मी म्हणालो. “मुळं दगड सरकवतात.”

“फोडंल,” ते म्हणाले. “पोरगं दोनदा कोयता घेऊन उतरलं हुतं. म्या म्हणलं, थांब.”

मग काठी खाली घेतली आणि घराकडं वळत म्हणाले, “जेवून जा. लग्नात मी जेवलो न्हवतो, त्ये आज दोघं मिळून जेवू.”